तसबिरीतला उजेड आणि बैठक : तंजावरची साक्ष

नव्यानेच कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाची पहिली तसबीर बहुधा ठरलेल्या प्रकारची असते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस भर दुपारी अंगणात उभे केले जाते. चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून तोंड सूर्याकडे वळविले जाते. हात दोन्ही अंगांस सरळ सोडावयास आणि मान ताठ ठेवावयास सांगण्यात येते. चित्र हाती येते तेव्हा डोळे मिचमिचलेले असतात, भुवयांखाली आणि नाकाखाली सावलीचे काळे डाग पडलेले असतात आणि मुद्रा अशी असते की, जणू कोणी शिक्षाच भोगीत आहे. घरची मंडळी म्हणतात, ‘चेहरा त्यांचाच खरा, पण हे ते नव्हेत.’ मग दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

वस्तुतः हा दोष यंत्राचा नसतो. उजेड कोणत्या बाजूने यावा आणि माणसाने कसे बसावे वा उभे राहावे, हे दोन प्रश्न कॅमेऱ्याहून फार जुने आहेत. मूर्तिकार, चित्रकार आणि शिल्पी यांनी ते शेकडो वर्षे आपापल्या परीने सोडविले. कॅमेऱ्याने त्यांत भर घातली ती एवढीच की, जे काम पूर्वी कारागिराच्या हाताकडे होते, ते त्याने प्रत्यक्ष उजेडाकडे सोपविले. या प्रश्नांची निरनिराळ्या काळांतील उत्तरे एकाच गावात, पायी फिरून पाहता येतील अशी, फार थोड्या ठिकाणी सापडतात. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर हे त्यांपैकी एक होय.

मराठी माणसास तंजावर परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास तेथे भोसले घराण्याची गादी स्थापिली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे ही त्या राजवटीची सर्वपरिचित स्मारके आहेत. परंतु तंजावरने आपली माणसे चित्रांत आणि शिल्पांत कशी दाखविली, कोणत्या उजेडात आणि कोणत्या मुद्रेत, हा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही.

या इतिहासाचा आरंभ मराठ्यांच्या कितीतरी आधी, चोळांच्या काळी होतो. तंजावरच्या राजवाड्यात आज जे कलादालन आहे, त्यात तिरुवेणकाडू येथे सापडलेली वृषवाहन शिवाची एक कांस्यमूर्ती ठेवलेली आहे. शिलालेखाच्या आधाराने तिचा काळ इ. स. १०११ असा धरतात. शिव उभा आहे. शरीराचा भार एका पायावर आहे, दुसरा पाय त्यापुढून सहज आडवा टाकला आहे आणि एक हात कोपरात वाकवून नंदीच्या पाठीवर टेकविला आहे. तो नंदी आज नाही, काळाच्या ओघात नाहीसा झाला. हात पोकळीतच विसावलेला आहे. तरीही पाहणाऱ्याला तो लोंबकळता वाटत नाही. आधार गेला, परंतु आधारावर विसावलेल्या शरीराची ठेवण तशीच राहिली आणि तिच्यावरून नसलेला नंदीही डोळ्यांपुढे उभा राहतो.

माणसाच्या बैठकीविषयी या मूर्तीइतका स्पष्ट धडा क्वचितच मिळेल. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहिलेला माणूस पहाऱ्यावरच्या शिपायासारखा दिसतो. भार एका पायावर गेला की कंबर किंचित कलते, खांदे त्याच्या उलट दिशेस कलतात, मान त्यांचा तोल सावरते आणि शरीरात एक सौम्य वळण येते. आपले शिल्पी यालाच त्रिभंग म्हणतात. हातास टेकावयास काही मिळाले की बोटे आपोआप सैल पडतात. पुढे शेकडो वर्षांनी छायाचित्रकारांनी आपल्या स्टुडिओत खुर्ची, टेबल आणि कठडा आणून ठेवला तो याच गरजेपोटी. मात्र आधार कशासाठी हवा हे चोळ मूर्तिकारास जितके उमगले होते, तितके पुष्कळशा छायाचित्रकारांस उमगले नाही.

बैठकीचे शास्त्रही आपल्याकडे जुने आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मनुष्याकृतीची नऊ स्थाने सांगितली आहेत. अगदी समोरून पाहिलेली ती ऋज्वागत, एका अंगाने पाहिलेली ती पार्श्वागत आणि या दोहोंच्या मधल्या वळणांना अनृजु, साचीकृत अशी नावे आहेत. माणसाचे तोंड किंचित वळले की त्याच्या स्वभावाची निराळी बाजू पुढे येते, ही जाणीव या वर्गीकरणामागे आहे. याच ग्रंथात छटा देण्याच्या रीतीस वर्तना असे नाव असून तिचे तीन प्रकार वर्णिले आहेत. परंतु वर्तना म्हणजे एका खिडकीतून वा एका दिव्यातून आलेल्या उजेडाची सावली नव्हे. गाल गोल आहे, दंड भरीव आहे, हे दाखविण्यापुरती ती गडद-फिकी छटा असते. उजेड कोठून येतो, असा प्रश्न त्या चित्रात उद्भवतच नाही.

बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातील चोळकालीन भित्तिचित्रे हे या पद्धतीचे उदाहरण आहे. नायककालीन चित्रांच्या थराखाली ती झाकली गेली होती आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी ती उजेडात आली. त्यांत दाढी असलेला एक वृद्ध पुढे आणि त्याच्यामागे एक तरुण पुरुष अशी जोडी आहे. गुरु करुवूर देवर आणि मंदिर बांधविणारा राजराज चोळ यांची ही चित्रे होत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. राजा मागे आणि गुरु पुढे, एवढ्या मांडणीनेच त्या दोघांमधील नाते सांगून टाकले आहे. बैठक ही केवळ एका व्यक्तीची नसते, ती दोन व्यक्तींमधील अंतराचीही असते, हे यावरून ध्यानात येते.

मराठ्यांच्या अमदानीत ज्या चित्रांनी तंजावरचे नाव देशभर केले, त्यांनी उजेडाचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन, दागिने, महिरपी आणि प्रभावळी उंच उठवून घ्यावयाच्या, त्यांवर सोन्याचा वर्ख चढवावयाचा आणि मध्ये काचा व खडे बसवावयाचे, अशी ही कृती आहे. मुख्य आकृती मध्यभागी, मोठी आणि बहुधा पाहणाऱ्यास सन्मुख असते. भोवतीची माणसे तिच्याहून लहान असतात. चेहरा भरलेला असतो आणि त्यावर बाहेरून पडलेली सावली नसते. ही चित्रे देवघराच्या मंद प्रकाशात पाहावयाची. समईची ज्योत हलली की वर्ख चमकतो आणि तो प्रकाश जणू चित्रातूनच बाहेर येतो. देवतेच्या बाबतीत हे अत्यंत योग्य होते. देवाच्या मुखावर एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूस अंधार दाखवावयाचा म्हणजे त्याला काळवेळेच्या बंधनात आणावयाचे. परंतु हीच रीत राजाच्या चित्रास लावली की राजा देवासारखा निर्विकार होऊन जातो. त्याचे पद दिसते, रत्ने मोजून घेता येतात. तो माणूस कसा होता हे मात्र कळत नाही.

हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला तो दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळी. १७७७ साली जन्मलेल्या या राजपुत्रास तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले. वारशाच्या तंट्यामुळे गादी मिळावयास १७९८ साल उजाडले. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, कंपनी सरकारशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख पगोडे आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. राजाचे सर्व उपचार होते, पण राज्य नव्हते. अशा राजाची तसबीर काढणाऱ्यापुढे मोठा बिकट प्रश्न असतो. सत्ता गेल्यावर सत्तेच्या खुणाच तेवढ्या हाती उरतात. तुरा, कट्यार, लोड आणि चवरी यांचे महत्त्व वाढत जाते. ज्याच्या शब्दाने सैन्य हलत नाही, त्याला निदान आपली मान तरी ताठ ठेवावी लागते.

सरफोजींचा मोठेपणा असा की, या पोकळ उपचारांत ते अडकून पडले नाहीत. १८३२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ग्रंथ जमविले, छापखाना घातला आणि धन्वंतरी महालात औषधोपचाराची सोय केली. सरस्वती महालात आजही नेत्ररुग्णांची जी टिपणे जपून ठेवली आहेत, ती या दृष्टीने विशेष पाहण्याजोगी आहेत. रोग्याची हकीकत, केलेला उपचार आणि त्यासोबत रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र, असे त्यांचे स्वरूप आहे. हे चित्र कोणाच्या गौरवासाठी काढलेले नाही. त्यात वर्ख नाही, महिरप नाही. बुबुळावरचे पटल कोठवर आले आहे आणि पापणी कितपत सुजली आहे, ते नीट दिसावे एवढाच हेतू आहे. ज्या दरबारात राजाच्या चेहऱ्यावर सावली पडू दिली जात नसे, त्याच दरबाराच्या आश्रयाने एखाद्या सामान्य रोग्याचा डोळा जसा आहे तसा रंगविला गेला. तंजावरच्या चित्रकलेत सन्मानासाठी पाहणे आणि समजून घेण्यासाठी पाहणे अशा दोन दृष्टी येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. चांगल्या तसबिरीस या दोन्ही लागतात.

याच काळात तंजावरात तिसऱ्या प्रकारची प्रतिमा आली, ती विलायतेतील संगमरवराची. सरफोजींचे गुरु आणि पालक, जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ हे १७९८ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ महाराजांनी लंडनचा प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याजकडून एक शिल्पपट करवून घेतला. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये तो आजही आहे. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि सरफोजी त्यांचा हात हाती घेऊन जवळ उभे आहेत, असा तो प्रसंग. राजवाड्याच्या दरबार महालात खुद्द सरफोजींचा जो पांढराशुभ्र पुतळा आहे, तोही फ्लॅक्समनचाच म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात महाराज उभे असून त्यांनी हात जोडलेले आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली उजेडाची. संगमरवराला रंग नाही, वर्ख नाही. त्याचे नाक, त्याचे ओठ, अंगरख्याच्या चुण्या हे सारे दिसावयाचे ते केवळ एका बाजूने येणाऱ्या उजेडामुळे आणि त्याने पाडलेल्या सावलीमुळे. उजेड समोरून सारखा पडला तर पुतळा सपाट आणि निर्जीव वाटतो. तोच बाजूच्या दारातून आला की त्याच दगडात गाल, हनुवटी आणि जोडलेली बोटे जिवंत होतात. दुसरी गोष्ट बैठकीची. फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नाही आणि सरफोजी विलायतेस कधी गेले नाहीत. म्हणजे राजा शिल्पकारासमोर कधी उभा राहिलाच नाही. असे असता हात जोडलेली मुद्रा ही या पुतळ्याचा प्राण ठरली आहे. तहाने दुबळा झालेला राजा म्हणून तिच्याकडे पाहणारे लोक असतील. परंतु ज्याने गुरूच्या अखेरच्या क्षणी त्याचा हात धरला, त्या माणसाची ती नम्रता आहे, असे समजणेच अधिक न्यायाचे होईल. राजाला तलवारीच्या मुठीवर हात ठेवूनही दाखविता आले असते. तसे केले नाही, म्हणूनच हा पुतळा पदापेक्षा माणसाविषयी अधिक सांगतो.

यानंतर आला कॅमेरा. दागेरची रीत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि पंधरा-सतरा वर्षांत मुंबई व मद्रास येथे छायाचित्रणाच्या संस्थाही निघाल्या. मुंबईची संस्था १८५४ची, मद्रासची १८५६ची. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ पुढाकार घेत होते आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली या विद्येचा वर्गही सुरू झाला होता. मद्रास इलाख्याने लिनिअस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्यास शासकीय छायाचित्रकार नेमले आणि १८५८च्या प्रारंभी, दक्षिणेच्या दौऱ्यात, त्याचा कॅमेरा तंजावरात येऊन उभा राहिला.

तेव्हा तंजावरचे सिंहासन रिकामे होते. सरफोजींचे चिरंजीव शिवाजी राजे १८५५च्या ऑक्टोबरात पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. पुढील वर्षी राजवाडा आणि खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध दावा लावला. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यश आले, परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. ट्राइप तंजावरात होता तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता. ज्या नगराने दीडशेहून अधिक वर्षे आपल्या राजांच्या प्रतिमा रंगविल्या, तेथे सरकारी कॅमेरा आला तो बसवावयास राजा नसताना.

ट्राइपने मंदिराची चित्रे काढली. त्याचे निगेटिव्ह मेण लावलेल्या मोठ्या कागदांचे असत. त्यांवर चित्र उमटावयास बराच वेळ लागे आणि तेवढ्या वेळात जो हलेल त्याचा मागमूसही राहत नसे. साहजिकच त्याच्या चित्रांतील प्रांगणे बहुधा निर्मनुष्य दिसतात. परंतु त्याने केलेले एक काम तसबिरी काढणाऱ्यानेही अभ्यासावे असे आहे. बृहदीश्वराच्या जोत्याभोवतीचे शिलालेख त्याने कॅमेरा सरकवीत तुकड्यातुकड्याने टिपले आणि २१ छापे एकापुढे एक जोडून सुमारे १९ फूट लांबीची एक सलग पट्टी तयार केली. कोरीव अक्षर वाचावयाचे तर उजेड तिरपा हवा, हे शिलालेख अभ्यासणारा प्रत्येक जण जाणतो. ऊन थेट समोरून पडले की खोदलेल्या रेघा नाहीशा होतात. ते भिंतीला घासून गेले की रेघेच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली पडून अक्षर उठून येते. माणसाचा चेहराही असाच एक लेख आहे. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, ओठांजवळचे वळण ही आयुष्याने कोरलेली अक्षरे आहेत. ती समोरच्या लख्ख उजेडात पुसली जातात आणि तिरप्या उजेडात वाचता येतात.

पुढे काचेवरच्या ओल्या लेपाची, म्हणजे कोलोडियनची रीत सर्वत्र रूढ झाली आणि गावोगाव स्टुडिओ निघाले. पुष्कळ स्टुडिओंना उत्तरेकडे उतरते काचेचे छप्पर असे, कारण त्या बाजूने ऊन न येता आकाशाचा शांत उजेड येतो. पडदे सरकवून तो हवा तेथे घेता येई. परंतु चित्र उमटावयास काही सेकंद तरी लागतच, म्हणून ग्राहकाच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. जुन्या तसबिरींत माणसाच्या बुटामागे कधीकधी त्या चिमट्याच्या खांबाचा पाया दिसतो. आजोबा-पणजोबांच्या फोटोंतील तो कठोर चेहरा पुष्कळदा त्यांच्या स्वभावाचा नसून त्या चिमट्याचा आहे. दुसरी अडचण याहून गंभीर होती. त्या लेपास निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे आपल्याकडील गव्हाळ, सावळे वर्ण असतील त्याहून कितीतरी काळे उमटत. यावर उपाय म्हणून चेहऱ्याला भुकटी लावणे किंवा निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरा उजळणे हे धंद्याचे अंग होऊन बसले. यंत्राची उणीव माणसाच्या वर्णाची उणीव ठरविली गेली. उजळ म्हणजे सुंदर, या समजुतीस स्टुडिओने आपल्या परीने हातभार लावला, हे नाकारता येणार नाही.

चिमटा टाळून चांगली तसबीर निघू शकते, हे दाखविणारे लोकही त्याच काळात होते. एडिंबरोच्या हिल आणि अॅडमसन या जोडीने १८४०च्या दशकात बाहेरच्या उजेडात माणसे बसविली. हात गालाशी किंवा पुस्तकावर टेकवून डोके स्थिर ठेवण्याची युक्ती त्यांनी केली. वृषवाहनाच्या मूर्तीत जे तत्त्व आहे, तेच हे. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेक-जावयांनी कॅमेरा भेट दिला. त्यांना या विद्येचा गंधही नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि बाजूने येणाऱ्या एकाच उजेडात, अगदी जवळून, चेहरे टिपले. शास्त्रज्ञ हर्शेल यांची १८६७ सालची त्यांनी काढलेली तसबीर पाहिली म्हणजे नवशिक्यापणा हा अडथळा नसतो, अधीरपणा असतो, हे कळून येते.

तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्यास गेली आणि चिमणाबाई झाली. तिच्यासोबत तंजावरचे नर्तक-वादकही गेले. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हेही मूळचे तंजावर प्रांतातील कुंभकोणमचे मराठी गृहस्थ. त्यांच्या दिवाणगिरीच्या अखेरच्या वर्षांत राजा रविवर्मा बडोद्यास चित्रे काढावयास आले. रविवर्म्यांच्या घरात मामा राजराजवर्मा यांची चित्रकला तंजावरी वळणाची होती. त्या वळणात वाढलेल्या या चित्रकाराने तैलरंगांत बाजूच्या उजेडाची आणि पडलेल्या सावलीची रीत आत्मसात केली. सोन्याचा जर तसाच ठेवून त्याखालच्या खांद्यास त्याने गोलाई दिली. त्याच बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन निघाले आणि तेथे दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. फाळक्यांनी काही काळ तसबिरी काढण्याचा धंदा केला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, तोही दिवसाच्या उजेडात टिपलेला. कावेरीकाठच्या फळीवरील सोन्याचा उजेड आणि मराठी माणसाने पडद्यावर आणलेला उजेड यांच्यामध्ये अशी ही एक वाट आहे.

आज कॅमेरा खिशातील मोबाइलमध्ये आहे. मानेचा चिमटा गेला, काचेचे छप्पर गेले, चित्र क्षणार्धात उमटते. तरीही नवशिक्याची तसबीर बहुधा पूर्वीइतकीच ताठ आणि सपाट निघते, कारण उजेड आणि बैठक हे प्रश्न यंत्राने सोडविलेले नाहीत. ते कसे सोडवावेत हे तंजावरच्या कारागिरांनी सांगून ठेवले आहे.

दुपारचे ऊन सोडावे आणि सकाळ वा सायंकाळ धरावी. घरात असल्यास एका खिडकीजवळ, पण उन्हाच्या कवडशाबाहेर, माणसास बसवावे. खिडकी त्याच्या पाठीशी असता कामा नये. तसे झाले तर कॅमेरा बाहेरच्या उजेडाचा हिशेब धरतो आणि चेहरा काळवंडतो. उजेड एका बाजूने, किंचित पुढून आणि वरून यावा, म्हणजे दगडातील अक्षराप्रमाणे चेहरा वाचता येतो. दुसरी बाजू फारच अंधारली तर तेथे एखादे पांढरे धोतर वा चादर धरावी. तंजावरच्या चित्रात वर्ख जे काम करतो, तेच काम ती करते. डोळ्यांत खिडकीचा एक बारीक ठिपका चमकतो की नाही ते पाहावे, त्यावाचून दृष्टी विझल्यासारखी वाटते. सावळ्या माणसाने शुभ्र कपडे घातले असतील तर कॅमेऱ्याचा अंदाज कपड्यांवर न ठेवता चेहऱ्यावर ठेवावा. वर्ण जसा आहे तसा यावा, तो उजळविण्याच्या मोहास पडू नये.

बैठकीसाठी हातास काही काम द्यावे. सुताराला रंधा, आजीला परडी, विद्यार्थ्याला पुस्तक, किंवा टेकावयास नुसता खुर्चीचा हात द्यावा. खांदे थोडे एका अंगास वळवून तोंड कॅमेऱ्याकडे आणावे. उभे असल्यास भार एका पायावर घ्यावयास सांगावे. कॅमेरा नाकाजवळ न नेता पाच-सात फुटांवर ठेवावा, कारण फार जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. आणि ‘हसा’ अशी आज्ञा करू नये. बोलत राहावे, आणि बोलणे संपून माणसाने श्वास सोडला की त्या क्षणी चित्र घ्यावे. मघाचा चेहरा दाखवावयाचा होता, आताचा नुसताच असतो.

या सूचना काही दिवसांत अंगवळणी पडतील. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. समोर बसलेल्या माणसाचे काय दाखवावयाचे, हे तसबीर काढणाऱ्यास ठरवावे लागते. त्याचे पद, त्याचे दागिने, घरातील त्याचा मान हे सारे तंजावरच्या चित्रकाराने निष्ठेने रंगविले आणि ते रंगवावयासही हवे होते. परंतु त्या घराण्यातील ज्या राजाविषयी आज सर्वाधिक जिव्हाळा वाटतो, त्याची आठवण राहते ती वर्खामुळे नव्हे. गुरूचा हात धरलेला आणि नमस्कारासाठी हात जोडलेला माणूस म्हणून ती राहते. राज्य गेल्यावर मागे उरली ती त्या माणसाची ठेवण. एखाद्या घरातील वृद्ध आईवडिलांची तसबीर काढताना हेच ध्यानात ठेवावे. त्यांच्या मागे ती तसबीर भिंतीवर राहणार आहे, आणि नातवंडे त्यांना ओळखणार आहेत ती पुष्कळ अंशी तिच्यावरूनच. तेव्हा त्यांना उन्हात ताठ उभे न करता खिडकीपाशी स्वस्थ बसू द्यावे, हीच त्यांच्याविषयीच्या आदराची पहिली खूण होय.